आडनाव : बाई

"परत वाच," आई म्हणाली.

मी परत वाचलं. "बोलू इच्छिणाऱ्या व्यक्तीने, आपल्याला ज्या नावाने संबोधलं जावं असं वाटतं ते नाव अध्यक्षांना सांगावं. ते नाव इतिवृत्तात नोंदलं जाईल. सभेचं प्रक्षेपण स्थानिक वाहिनीवरून होईल."

आईने इस्त्रीच्या रोलरखालून निघालेली गरम चादर ओढली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. तिच्या लॉन्ड्रीत बोलायचं असेल तर चादर धरायला लागायची. आम्ही एकमेकींपासून लांब गेलो, चादर ताणली, मग टोकाला टोक जुळवत जवळ आलो.

"म्हंजे तुजं ते एवढं मोठं पत्र फुकट गेलं?"

"फुकट नाही. पण नगरपालिकेच्या समितीचं म्हणणं असं, की वकील काय कुणाच्याही वतीने बोलतो. ज्यांच्याबद्दल हा नियम आहे त्यांनी स्वतः येऊन बोलावं. कोणी आलंच नाही, तर कुणाची हरकत नाही असं धरून नियम मंजूर."

"आणि आल्या तर?"

"आल्या तर नाव सांगायचं. गावभर दिसणार."

"इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधी कॅमेरा," आई म्हणाली. "धर नीट. कोपरा सुटला."

मागे सुकवायच्या यंत्रावर इलोन्का बसली होती, दोन्ही हातांत स्टीलचा पेला धरून. आईचा आल्याचा चहा ती औषधासारखा घ्यायची. आमचं मराठी तिला कळत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली.

हे तिचं मराठी. ती हंगेरीची, आम्ही राहायचो नेदरलँड्समध्ये, पण त्या गल्लीतल्या सगळ्याच जणी दचकल्या, हसल्या, भाजल्या की 'अगं बाई' म्हणायच्या. आईकडून उचललेलं. आई दर दोन वाक्यांमागे म्हणायची, तेव्हा ते त्यांच्या कानात बसलं होतं.

त्या शहराचं नाव मी इथे घेत नाही. इलोन्काचं नावही इलोन्का नाही. या गोष्टीतली बाकी नावंही बदललेली आहेत. आईचं तेवढं खरं आहे, यमुना. ती या थंडीत गेली.

बंदराच्या मागे ती गल्ली होती. तळमजल्याला मोठ्या काचेच्या खिडक्या, प्रत्येक खिडकीमागे एक लहान खोली. बायका ती खोली दिवसापुरती भाड्याने घेत आणि खिडकीत बसत. त्या देशात हा व्यवसाय कायद्याने चालतो. आईची लॉन्ड्री गल्लीच्या तोंडाशी होती आणि तिथले टॉवेल, चादरी तिच्याकडे यायच्या. गाठोड्यावर ती कुणाचं नाव लिहीत नसे. कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घाली, मिरजेकडे तिचे आईवडील घालायचे तसा. "कपडा कुणाचा ते धुणाराला कळावं," ती म्हणायची. "वाटंवरच्याला कशाला?"

नवा नियम असा येणार होता, की खिडकी भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकीने नगरपालिकेत आपलं खरं नाव, फोटो आणि घरचा पत्ता नोंदवायचा. आदल्या वर्षी एका खोलीत एका मुलीला बेदम मारहाण झाली होती. सुरक्षा खातं सांभाळणारे मेनीर कोस्टर मनापासून हादरले होते. मेनीर म्हणजे श्रीयुत, मेव्हराऊ म्हणजे श्रीमती. कोस्टर वाईट माणूस नव्हते. आपल्याकडे यादी असली की आपण सगळ्यांना वाचवू शकू, असं त्यांना खरंच वाटत होतं.

इलोन्काला एका माणसापासून वाचायचं होतं. तिच्या नवऱ्याने तिचा जबडा मोडला होता. ती लेकीला घेऊन रात्रीतून निघून आली होती. तो दोनदा या देशात येऊन शोधून गेला होता. त्याच्याकडे तिचा एकच माग होता, पासपोर्टवरचं नाव. आणि शेजारच्या एका शहरात अशीच यादी ठेवली होती, ती आठ-दहा महिन्यांत फुटली होती. कुणी फोडली ते कळलंच नाही. नावं तेवढी सगळ्यांना कळली.

"नाव दिलं तर तो येणार," ती मला डचमध्ये म्हणाली. "नाही दिलं तर खिडकी नाही. मग कुणाच्या तरी फ्लॅटवर जायचं, एकटीने, जिथे हाक मारली तर भिंतीलाही ऐकू येत नाही. शालन, तू शिकलेली आहेस. यातलं कुठलं सुरक्षित, सांग."

माझ्याकडे नुसतं पंधरा पानी पत्र होतं.

"सभेला तू तरी येशील ना?" मी विचारलं.

"आणि काय सांगू? मी अमुक तमुक, मी लपलेली आहे, मला शोधू नका?" ती हसली. मग आईकडे बघून म्हणाली, "बाय, तुझं नाव दे मला. एक तासासाठी. धुऊन परत करते."

आईने पुढची चादर रोलरमध्ये घातली.

"घे की," ती म्हणाली.

"आई, गंमत नाही ही," मी मराठीत म्हणाले. "खोटं नाव सांगणं गुन्हा आहे. उद्या कोस्टर म्हणेल, बघा, या बायका खोटं बोलतात. सगळंच बुडेल."

"बरं," आई म्हणाली.

तिचं 'बरं' मला कळायला हवं होतं.

*

आईच्या नावाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझे वडील रत्नागिरीकडचे, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते. त्या बंदरात उतरले, गोदीच्या कँटीनमध्ये राहिले आणि मग आईला बोलावून घेतलं. तिचा पासपोर्ट काढला मिरजेच्या कुणा एजंटने. त्याने यमुनाबाई हे नाव मधोमध तोडलं आणि पुढे काही लिहायचं राहून गेलं. इथे उतरल्यावर नोंदणी कचेरीतल्या माणसाने पासपोर्ट पाहिला. त्याच्या हिशेबात पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव. त्याने लिहिलं, नाव यमुना, आडनाव बाई. वडील पावसकर, मी पावसकर आणि आई बाई. या देशात बायको आपलंच आडनाव ठेवते, त्यामुळे कुणाला यात चूक दिसली नाही.

मला मात्र लहानपणी फार लाज वाटायची. तिथली माणसं त्याचा उच्चार 'बाय' करत. पालकसभेला शिक्षिका म्हणाली, "मेव्हराऊ बाय," की मागच्या बाकावरची पोरं मला हात हलवून दाखवायची, बाय-बाय. वडिलांना मजा वाटायची. कोकणात बाय म्हणतातच, तेव्हा ते घरी आले की दारातूनच "गो बाय!" अशी हाक द्यायचे. मी कायदा शिकल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर आईचं आडनाव दुरुस्त करण्याचा अर्ज तयार केला. फक्त सही हवी होती.

"राहू दे," आई म्हणाली.

"अगं पण ते आडनावच नाही! माणसाला 'श्रीमती' असं आडनाव असतं का?"

"राहू दे म्हटलं न्हवं."

का, ते तिने सांगितलं नाही. मी दर एक-दोन वर्षांनी विचारायची. ती दर वेळी तेच म्हणायची.

*

सभा शुक्रवारी दुपारी होती. मी लवकर जाऊन माझी फाइल उघडून बसले. समितीचे लोक अर्धवर्तुळात, मधोमध अध्यक्ष मेव्हराऊ दाल्मन. साठीच्या, ताठ पाठीच्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांच्या हातात लाकडी हातोडा असे आणि तो त्या क्वचितच आपटत, कारण नुसता उचलला तरी पुरत असे. बोलणाऱ्यासाठी त्यांच्यासमोर एक उंच मेज. कॅमेरा प्रेक्षकांच्या मागे, भिंतीवर.

बसायच्या जागा रिकाम्या होत्या. कोस्टर माझ्याजवळ आले. "मी तुमचं पत्र वाचलं," ते म्हणाले. "चांगलं आहे. पण बघा, कोणी आलं नाही. कधीकधी आपण ज्यांच्यासाठी भांडतो त्यांनाच ते नको असतं."

"त्यांना यायची भीती वाटते. तोच तर मुद्दा आहे."

"भीती वाटते म्हणूनच आम्हाला माहीत असायला हवं त्या कोण आहेत ते."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि आई आली.

कामावर असताना ती केसांवर पांढरं सुती फडकं घट्ट बांधायची, मानेपर्यंत. तसंच बांधून आली होती. मला वाटलं, घाईत सोडायचं राहिलं. तिच्यामागून मेरियम आली, कोपऱ्यावरची तुर्की बेकरी तिची. तिच्याही डोक्यावर तेच पांढरं फडकं. मग आरोग्य केंद्रातली नर्स हेनी, मग घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची बायको, मग गल्लीच्या टोकाच्या चर्चची पाद्रीण, मग इलोन्का, मग तिच्या शेजारच्या खिडकीतली दाना, मग अशा कितीतरी, काही मला माहीत होत्या, काही नव्हत्या. सगळ्यांच्या डोक्यावर आईच्या लॉन्ड्रीतली पांढरी फडकी, सारखी बांधलेली. हेनीच्या मोठ्या डोक्याला ते पुरत नव्हतं, तिने पिन लावली होती. त्या रांगेने आल्या आणि बसल्या. मागून, कॅमेऱ्याच्या बाजूने, ती एकच बाई पुन्हा पुन्हा बसल्यासारखी दिसत असणार.

"आई," मी दात आवळून म्हणाले, "काय करते आहेस तू?"

"तू बस, वकीलबाई," आई म्हणाली. "तुजा नंबर लावला न्हाई आम्ही."

हातोडा उचलला गेला. सगळे गप्प झाले.

"बोलू इच्छिणाऱ्यांनी एकेक करून पुढे यावं," मेव्हराऊ दाल्मन म्हणाल्या. "आपलं नाव?"

"बाई," आई म्हणाली.

"मेव्हराऊ बाई, बोला."

आई डच तोडून तोडून बोलायची, कुऱ्हाडीने लाकूड फोडल्यासारखं. "मी त्या गल्लीत काम करते. तीस वर्षं. तिथे मी कुणाचं नाव विचारलं नाही आणि कुणाचा टॉवेल कुणाला गेला नाही. माझं झालं."

ती बसली. मेरियम उठली.

"आपलं नाव?"

"बाई," मेरियम म्हणाली.

मेव्हराऊ दाल्मन यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "मेव्हराऊ... बाई. बोला."

"मी त्या गल्लीत काम करते. एका बाईचं सांगते. तिला इथे यायचं होतं. पण तिच्या मुलाच्या शाळेतल्या आया हे चॅनेल बघतात. म्हणून मी आले."

तिसरी इलोन्का. तिचे हात मेजाच्या कडेवर होते आणि ती कड इतकी घट्ट धरली होती की नखं पांढरी पडली होती.

"आपलं नाव?"

"बाई."

"अध्यक्ष महोदया!" कोस्टर उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "ही सभेची थट्टा आहे. तीन वेगवेगळ्या देशांतल्या दिसणाऱ्या तीन बायका, आणि तिघींचं नाव एकच? ही खोटी नावं आहेत. यांचं बोलणं नोंदवू नये अशी मी मागणी करतो."

"माझं खोटं न्हाई," आई बसल्या जागेवरून आधी मराठीतच म्हणाली. मग डचमध्ये, "माझं खोटं नाही!" तिने आपलं ओळखपत्र काढलं आणि हात उंच केला. "बघा. तुमच्या सरकारने दिलंय. मी मागितलं नव्हतं. याच नावाने कर घेता तुम्ही माझ्याकडून, तेव्हा खोटं वाटत नाही?"

कुणीतरी हसलं. हातोडा हवेत गेला, हसू थांबलं.

"वकील पावसकर," मेव्हराऊ दाल्मन म्हणाल्या. "या तुमच्या आई आहेत, असं मला वाटतं. ही तुमची भाषा. मला खरं उत्तर हवंय. बाई हे या सगळ्यांचं नाव आहे का?"

मी उभी राहिले. समोर माझी फाइल होती, तिच्यात निवाडे होते, कलमं होती, अधोरेखित केलेली वाक्यं होती. त्यातलं एकही या प्रश्नासाठी नव्हतं. इलोन्का माझ्याकडे बघत होती. 'हो' म्हटलं तर मी खोटी. 'नाही' म्हटलं तर तिला तिथून खाली बसावं लागलं असतं आणि सोमवारपासून खिडकी सोडावी लागली असती. मी आईकडे पाहिलं. ती ओळखपत्र पाकिटात परत घालत होती, जणू पुढचं माझं काम.

"नाही," मी म्हणाले.

मागे कॅमेरा घरघरत होता.

"आडनाव म्हणून ते फक्त माझ्या आईचं आहे. तेही एका कारकुनाच्या चुकीमुळे. मी ते बदलायचा अर्जही कधीचा लिहून ठेवलाय. आमच्या भाषेत बाई हे नावच नाही. तो नावाला जोडायचा मान आहे. शाळेत मुलं शिक्षिकेला बाई म्हणतात. डॉक्टरीणबाई. वकीलबाई. अनोळखी स्त्रीला नीट हाक मारायची असली तरी बाई."

"म्हणजे मेव्हराऊ?"

"म्हणजे मेव्हराऊ."

"म्हणजे मी मघापासून यांना मेव्हराऊ मेव्हराऊ म्हणते आहे?"

"हो."

आता मात्र सगळं सभागृह हसलं, समितीचे लोकही. कोस्टर हसले नाहीत. "म्हणजे वकिलांनीच कबूल केलं," ते म्हणाले. "हे नाव नाही."

"नियमात 'खरं नाव' असं कुठेही नाही," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला दिसलं, की आईने मला ते वाक्य दोनदा का वाचायला लावलं होतं. "मी वाचून दाखवू?"

"गरज नाही," मेव्हराऊ दाल्मन म्हणाल्या. "मीच लिहिलाय तो. आपल्याला ज्या नावाने संबोधलं जावं असं वाटतं, ते नाव."

"मग त्यांनी तेच सांगितलंय. त्यांना आदराने संबोधलं जावं असं वाटतं. एवढंच नाव त्यांना इथे सांगायचंय."

मेव्हराऊ दाल्मन यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यांची सगळी हयात शाळेत गेली होती. पोरं कुठे नियम मोडतात आणि कुठे नियमातच राहून आपल्याला मात देतात, हे त्यांना कळत असणार.

"तुमच्या भाषेत," त्यांनी विचारलं, "मला काय म्हणतील?"

"अध्यक्षबाई."

"अध्यक्ष... बाई." त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. मग हातोडा एकदाच, जोरात आपटला. "मेनीर कोस्टर, खाली बसा. मेव्हराऊ बाई, आपण बोलत होतात."

इलोन्काने मेजाची कड सोडली.

"मी त्या गल्लीत काम करते," ती म्हणाली. "एका बाईचं सांगते. तिच्या नवऱ्याने तिचा जबडा मोडला. तो तिला शोधतो आहे. त्याच्याकडे फक्त तिचं नाव आहे. तेच नाव तुम्हाला तुमच्या कपाटात हवंय. कपाटाला किल्ली असते. किल्ली माणसाकडे असते. आणि माणूस काय, कधी चांगला असतो, कधी प्यालेला असतो, कधी कुणाचा तरी भाऊ असतो." ती थांबली. "तिला सुरक्षित ठेवायचं असेल तर खोलीत धोक्याची घंटा लावा. वयाचे, परवान्याचे कागद बघायचे तर आरोग्य केंद्रात बघा. बघा, पण उतरवून घेऊ नका. आणि पोलिसाला सांगा, तिने बोलावलं की ये. आल्यावर तिचं नाव विचारायच्या आधी विचार, की तू बरी आहेस का."

फडकं कपाळावर ओढून ती वळली आणि जागेवर येऊन बसली. समितीतल्या कुणालाही कळलं नाही की तिने स्वतःचं सांगितलं.

"पुढच्या मेव्हराऊ बाई," मेव्हराऊ दाल्मन म्हणाल्या. आता त्यांनी नाव विचारणंच सोडून दिलं होतं.

एकेक उठत गेली. प्रत्येकीने म्हटलं, मी त्या गल्लीत काम करते. ते खरंच होतं. कुणी तिथे पाव भाजत होतं, कुणी घड्याळं विकत होतं, कुणी रक्तदाब तपासत होतं, कुणी खिडकीत बसत होतं. प्रत्येकीने म्हटलं, एका बाईचं सांगते. एकीचा बाप आजारी होता आणि त्याला वाटत होतं लेक हॉटेलात काम करते. एक जण पुढच्या वर्षी हे सोडून केशकर्तनाचा कोर्स करणार होती, आणि तिला मागे कुठे नाव नको होतं. एकीला काही सोडायचं नव्हतं. ती म्हणाली, त्या बाईला तुमची दया नको आहे, दाराला चांगलं कुलूप पाहिजे. कोण स्वतःचं सांगत होतं आणि कोण शेजारणीचं, ते मलाही पुष्कळांच्या बाबतीत कळलं नाही. अजून कळलेलं नाही. विचारलंही नाही.

शेवटी कोस्टर पुन्हा उभे राहिले. आवाज खाली आला होता. "मला समजून घ्यायचंय," ते म्हणाले. "पण यातल्या प्रत्यक्ष... म्हणजे खिडकीतल्या नेमक्या कोण, ते तरी मला कळायला नको का?"

हेनी नर्स जागेवरूनच म्हणाली, "मेनीर कोस्टर, ओळखा की तुम्ही!"

त्यांनी खरंच पाहिलं. पांढऱ्या फडक्यांच्या त्या ओळीवरून त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. पाद्रीणबाईपाशी किंचित थांबली. तिने त्यांच्याकडे बघून गोड मान डोलावली. मग नजर परत दुसऱ्या टोकापासून इकडे आली. आणि ते खाली बसले.

"मी नाव, फोटो आणि पत्त्याचं कलम मागे घेतो," ते म्हणाले.

घंटा मंजूर झाल्या. कागद आरोग्य केंद्रात बघायचे, नक्कल ठेवायची नाही, हेही मंजूर झालं. जबाबदारी खोल्यांच्या मालकांवर टाकली, बायकांवर नाही. माझ्या पंधरा पानांतलं बहुतेक सगळं मिळालं, आणि ती पानं मला उघडावीही लागली नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर एकच कल्ला झाला. दाना नाचत होती. मेरियमने आणलेले पाव हातोहात फिरत होते. इलोन्काने आईला उचललं, अक्षरशः, आणि आई हवेत पाय झाडत ओरडत होती, "अगं बाई! सोड! पाठ माजी!" आणि त्यावर वीस-पंचवीस जणी एका सुरात ओरडल्या, "अगं बाई!" समोरच्या फुटपाथवरची माणसं थांबून बघायला लागली. ओळखायला त्यांच्याकडेही काही नव्हतं.

कोस्टर बाहेर आले. आईसमोर येऊन म्हणाले, "मेव्हराऊ बाई, तुम्ही मला हरवलंत."

आईने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. "कॉलरीला इस्त्री कोण करतं तुमच्या?"

"मीच."

"दिसतंय. सोमवारी शर्ट घेऊन या."

ते आले. त्यानंतर पुष्कळ वर्षं येत राहिले. त्यांच्या शर्टांच्या आतल्या शिवणीला निळा टाका असे.

*

त्या संध्याकाळी लॉन्ड्रीत आम्ही दोघीच होतो. राहिलेल्या चादरी होत्या. आईने टोकं माझ्या हातात दिली.

"तो अर्ज फाडते मी," मी म्हणाले.

"कुठला?"

"तुझ्या आडनावाचा."

ती हसली. आम्ही चादर ताणली. टोकाला टोक जुळवत ती माझ्यापाशी आली आणि तिथेच थांबली.

"तुजी आज्जी," ती म्हणाली, "सगळ्या गावाची धुणी धुवायची. पाटलाची, बामणाची, दुकानदाराची. बाळंतिणींची सुदिक. तिचं नाव चंद्रा. गाव तिला काय म्हणायचं, ठावं हाय? चंद्री. परटाची चंद्री. शेंबडं पोरगं बी यायचं दारात, 'ए चंद्रे, आईचं लुगडं दे.' मरंस्तवर तिला कुणी चंद्राबाई म्हटलं न्हाई. मला बी यमनीच म्हणायची सगळी. त्या एजंटानं म्हणं कागदाला बरं दिसतं म्हणून बाई लावलं."

माझ्या हातातली टोकं तिने काढून घेतली.

"आन हितं आल्यावर तो कचेरीतला गोरा माणूस उठून उभा राहिला. हात पुढं केला. म्हणाला, मेव्हराऊ बाई." तिने चादरीची घडी माझ्या हातावर ठेवली आणि वरून तळव्याने दाबली. "मी म्हटलं, चूक तर चूक. राहू दे. आता हितं कुणाला बी मला हाक मारायची तर बाई म्हटल्याबिगर मारता येत न्हाई. मग एकटीनंच का वापरायचं एवढं चांगलं नाव?"

*

या जानेवारीत, त्या सभेनंतर वीस-एक वर्षांनी, दहनापूर्वी, तिथल्या रिवाजाप्रमाणे आईला एका लहान खोलीत ठेवलं होतं आणि लोक बाहेरच्या दालनात बसले होते. मी कुणाला फारसं कळवलं नव्हतं. चुलतभावाचा रत्नागिरीहून फोन आला होता, की निदान पाटीवर तरी नीट पावसकर लाव. मी त्याला म्हटलं, राहू दे.

वडील आधीच गेले होते; पुढच्या रांगेत मी एकटी होते. मागे लोक येत होते हे पावलांवरून कळत होतं, पण मी वळून पाहिलं नाही. वळले असते तर सावरता आलं नसतं.

काळ्या कोटातला तरुण व्यवस्थापक दारात आला. हातातल्या कार्डावर बघून, हळू आणि स्पष्ट आवाजात त्याने सांगितलं, "अंतिम दर्शनासाठी प्रथम बाई कुटुंबीयांनी पुढे यावं. बाकीच्यांनी कृपया बसून राहावं."

मी उठले. माझ्यामागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. एक खुर्ची, मग पाच-सात, मग मोजता न येण्याइतक्या. मी वळून पाहिलं. इलोन्का होती, केस पिकलेले, शेजारी तिच्याहून उंच झालेली तिची लेक. मेरियम होती. हेनी काठी टेकत उठत होती. ज्यांची नावं मला कधीच माहीत नव्हती अशा कितीतरी होत्या. आणि मधल्या रांगेत, ऐंशीच्या पुढच्या, ताठ पाठीच्या मेव्हराऊ दाल्मन उभ्या होत्या.

बसून राहिलं होतं ते फक्त मेनीर कोस्टर आणि दोन-चार पुरुष.

व्यवस्थापकाने कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळ्या कुटुंबातल्या?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"हो," मी म्हणाले.

त्याने मान लववली, आणि दाराची दुसरी झडपही उघडली.